शकुंतला की एसटी? दारव्हा ते यवतमाळ, एका दिवसात

मोबाइल घरीच ठेवा. मेट्रोचं कार्डही. कानाला मफलर गुंडाळा, पायांत टायरच्या चपला घाला आणि खिशात थोडी चिल्लर असू द्या. शंभराची नोट काढलीत तर तिकीट खिडकीतला बाबू ती उजेडाकडे धरून बघेल आणि तेवढ्यात मागची रांग ओरडायला लागेल. आपल्याला 1970 च्या दशकाच्या मध्यावरचा एखादा डिसेंबर गाठायचा आहे. काम साधं आहे. दारव्ह्याहून यवतमाळला जायचं, संध्याकाळी परत यायचं. अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटर. जाताना आगगाडी, येताना बस.

रूळ टाकावेत की बस वाढवाव्यात, हा वाद आज नागपूर, पुणे, नाशिक सगळीकडे रंगतो. आकडे येतात, नकाशे येतात. यवतमाळ जिल्ह्यानं मात्र हा वाद कित्येक वर्षं अंगावर काढला. तेव्हा आधी गुडघ्यांना, पाठीला आणि पोटाला काय वाटतं ते बघू. नकाशे नंतर.

चला, उतरा.

पहिली थंडी लागते. झोंबणारी, कोरडी, नाकाच्या शेंड्यावर बसणारी. दारव्हा मोतीबाग स्टेशन. अजून उजाडलेलं नाही. फलाट म्हणजे मुरूम दाबून केलेला पट्टा, आणि त्यावर जागोजागी शेकोट्या. गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या चटचट जळताहेत. धुराला कापसाच्या काड्यांचा तो ओळखीचा कडवट वास आहे, त्यात बिडीचा धूर मिसळलाय आणि कुणाच्या तरी टोपल्यातल्या ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, हिरवा वासही. तुम्ही शेकोटीपाशी सरकता तसं कुणी न विचारता जागा देतं.

"यवतमाळले काय, बाप्पा?" एक आबाजी विचारतात.

तुम्ही मान हलवता.

"मंग बसा शेकत. गाडी येते आपल्या मनानं."

हे वाक्य लक्षात असू द्या. त्यात सगळं आहे.

तिकीट काढून घ्या. खिडकीच्या कमानीतून हात आत घातला की पुठ्ठ्याचा छोटासा, बोटभर लांबीचा तुकडा तळहातावर येतो. त्याआधी तो लोखंडी यंत्रात घालून तारीख उमटवायची, त्याचा खटाक आवाज होतो. तिकीट जाड आहे, कडा तीक्ष्ण आहेत, नवीन पुठ्ठ्याचा वास येतोय. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. आता रुळांपर्यंत जाऊन वाका. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. पाय फाकवून दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवला तर आरामात उभं राहता येतं; दोन पोट्टे तिथं तेच करताहेत आणि मास्तरांनी ओरडायची वाट बघताहेत. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन भेटते, तिथले रूळ साडेपाच फुटांचे. म्हणजे इथून निघालेला प्रत्येक डाग, प्रत्येक पोतं, कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा चढवायची. हमालांच्या पाठी तिथं झिजल्या.

टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके पडतात. टण, टण, टण. फलाट एकदम जागा होतो. टोपली डोक्यावर जाते, पोरगं कडेवर जातं, शेकोटीवर पायानं माती लोटली जाते. आवाज यायच्या आधी चपलेच्या तळव्यातून जमीन थरथरलेली कळते. मग वळणावर दिवा, मग शिट्टी, आणि मग ती.

लहान आहे. हे पहिलं मनात येतं. मोठ्या लाइनीचं इंजिन पाहिलेल्या डोळ्यांना ही गाडी कोवळी वाटते. पण शेजारून जाताना तिची धग गालावर बसते आणि लहानपण विसरायला होतं. गरम तेल, ओली वाफ, दगडी कोळशाचा गंधकी वास. फायरमनचा चेहरा भट्टीच्या उजेडात तांबडा दिसतो, डोक्याला फडकं बांधलंय, हातात फावडं आहे. हे झेडी जातीचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलं आणि 1923 पासून याच रुळांवर चालतंय. रूळ त्याच्याही आधीचे, 1903 च्या सुमाराचे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायला ही वाट घातली. माणसं नंतर बसली. गाडीचं लाडाचं नाव शकुंतला. त्याच नावानं तिला हाक मारायची.

चढा आता. "सरका ना माय थोडं!" "टोपलं खाली ठेव ना वं!" "पाय काढ बाप्पा, पाय!" डबा अरुंद आहे, बाक लाकडी आहेत आणि रात्रीच्या थंडीनं गार पडलेत. बसल्याबरोबर मांड्यांना ती थंडी कळते. समोरच्याच्या गुडघ्याला तुमचा गुडघा लागतो आणि तसाच राहतो. कुणाची तक्रार नाही. बाकाखाली मेथीच्या जुड्या, तुरीच्या हिरव्या शेंगांची झोळी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, एक तेलाचा डबा, दारामध्ये उभी केलेली सायकल. या सगळ्याला जागा झाली, हे बघून ठेवा. बसचा कंडक्टर यातल्या निम्म्या सामानाला टपाची शिडी दाखवील.

हिसका बसतो. सगळे एकदम मागे जातात, पुढे येतात, आणि गाडी चालू लागते. वेग ताशी वीसेक किलोमीटर. सायकलवरचा तरणा पोरगा दात काढत थोडा वेळ बरोबरीनं पळवतो. गाडी पुढे पळते त्याहून जास्त बाजूंना डुलते, आणि चार-सहा मिनिटांत तुमचं शरीर त्या डुलण्याला सरावतं. समोर एक मायबाई बसलीय. शेजारी तिची लेक, सातवा संपत आलेला. पहिलं बाळंतपण, माहेरी चाललीय. तुम्ही विचारायच्या आधीच मायबाई सांगते.

"जावई म्हने, येस्टीनं न्या, लवकर पोचान. म्या म्हनलं, नाही बाप्पा. त्या रस्त्यानं पोटातलं पानी हालते. लेकीले मी गाडीनंच नेईन."

लेक खिडकीला डोकं टेकवून झोपलीय. तिचं डोकं आपटत नाही.

पाठीला आणि पोटाला काय वाटतं, याचा पहिला जबाब इथं मिळाला. लोखंडावरून लोखंड जातं तेव्हा धक्के खड्ड्यांवर अवलंबून राहत नाहीत. एका इंजिनामागे डबे जोडत गेलं की माणसं वाढतात, चालवणारे मात्र तेवढेच राहतात. उठून दारापर्यंत जाता येतं, भाकरी सोडता येते, पोराला खाली खेळायला सोडता येतं. म्हातारं माणूस, बाळंतीण, आजारी, ओझं वाहणारी बाई, यांना हवी असलेली गाडी ही आहे. मेट्रोच्या बाजूनं बोलणारे आज हेच सांगतात, आणि खरं सांगतात.

उजाडतंय. खिडकीबाहेर बघा. दवानं काळी झालेली माती आणि तिच्यावर फुटलेला कापूस. तुरीला पिवळी फुलंही आहेत आणि शेंगाही. कमरेला ओटे बांधून वेचणीच्या बाया तासाला लागल्यात. गाडी जवळ आली की त्या कंबर सरळ करतात. गाडी म्हणजे त्यांचं घड्याळ, आणि ते घड्याळ रोज थोडं वेगळं दाखवतं. एक जण डोळ्यांवर हात धरून ओरडते, "आज लय लेट हाये का गा?" डब्यातून उत्तर जातं, "काल याहून लेट होती!" आणि दोन्हीकडे हशा.

तुम्ही डोकं बाहेर काढलंत ना? सांगायचं राहिलं. डोळ्यात कण गेला. कोळशाचा आहे, चोळू नका. मायबाई तुम्हाला पुढे वाकायला सांगते. लुगड्याच्या पदराचा बोळा करते, त्यावर तोंडाची ऊब फुंकते आणि बंद पापणीवर धरते. एकदा, दोनदा, तीनदा. पदराला राखेचा, भाकरीचा आणि खोबरेल तेलाचा वास आहे. मग पापणी उलटून पदराच्या टोकानं कण अलगद उचलते आणि तुम्हाला दाखवते. खसखशीएवढा. "एवढ्यासाठी रडत होते?" ती म्हणते, आणि लेक झोपेतच हसते.

लाडखेड येतं. फुटाणेवाला, शेंगावाला, पितळी किटलीतून चहा. चहात साखर भरपूर आणि दूध थोडं; कपाची ऊब घ्यायला तो घ्यायचा. इथं गाडी उभी राहते. उभीच राहते. का, ते कुणी विचारत नाही, एका माणसाखेरीज. पांढरा सदरा, काखेत दोरीनं बांधलेले कागद. कोर्टात तारीख आहे त्याची, यवतमाळला. तो दारात जातो, इंजिनाकडे बघतो, परत येतो, बसतो, पुन्हा उठतो. शेवटी स्वतःशीच म्हणतो, "येस्टीनंच जायले पाह्यजे होतं."

त्याचं शेत असेल त्या कागदांत. भावकीचा वाद असेल. न्यायाधीश शकुंतलेसाठी थांबत नाहीत. तुम्हाला आतापर्यंत ही गाडी गोड वाटत होती. या माणसाच्या शेजारी बसून बघा, ती तेवढी गोड वाटत नाही. गाडी हळू चालते याचं त्याला एवढं दुःख नाही. कधी पोहोचेल ते सांगता येत नाही, आणि ही चुकली तर पुढची केव्हा, याला उत्तर नाही, हे त्याला खातंय. दिवसभरात फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पुढे चढ लागतो. यवतमाळ पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर. इंजिन धापा टाकायला लागतं, दोन धापांमधलं अंतर वाढतं. दोन्ही बाजूंना साग. मघाचे दोघे पोट्टे खाली उतरतात, बोरीला झोंबतात, खिसे भरतात आणि धावत येऊन पुन्हा चढतात. तुमच्याही तळहातावर चार बोरं पडतात, आंबट, थंड, काट्याच्या ओरखड्यासकट. मुलांना ही गाडी का आवडते ते वेगळं सांगायला नको.

यवतमाळ. रूळ इथं संपतात. मूर्तिजापूरपासून 113 किलोमीटर आल्यावर पुढे वाट नाही. उतरल्यावर पाय जरा वेळ डुलत राहतात. कागदवाला माणूस पळत सुटलाय, मायबाई लेकीला सांभाळून उतरवतेय, आबाजी पुन्हा एक शेकोटी शोधताहेत.

दुपार बाजारात घालवू. कापसाचा हंगाम आहे, म्हणजे यवतमाळात श्वास घेतला की कापूस नाकात जातो. बंड्यांची रांग खरेदी केंद्रापासून रस्त्यापर्यंत आलीय. बैल बसलेत, गाडीवान जुवाला टेकून झोपलेत, काहींची रात्र इथंच गेली. भाव, प्रत, ओल यांवरून आवाज चढताहेत. जिनिंगच्या दारात उभे राहा. आतून येणारा आवाज कानांत न बसता छातीत बसतो. रेचे चालू आहेत. एका अंगाला सरकी पडते, दुसऱ्या अंगाला रुई उडते. आत धुकं आहे, कापसाचं. त्या धुक्यातून बाया पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर येतात, खोकतात, पाणी पितात, परत आत जातात. हवा गरम, तेलकट, सरकीच्या वासानं जड. डिसेंबर बाहेरच राहिला. पलीकडे प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधताहेत. चौघांनी मिळून गाठ लोटली तरी ती जागची हलायला वेळ घेते. अशा गाठी वाहायला रूळ टाकले होते. पण बाहेर उभे असलेले ट्रकही बघा. ते थेट आवारात येतात, गाठ एकदाच चढते आणि गिरणीच्या दारात उतरते. मूर्तिजापूरची ती दुसरी चढ-उतार त्यांना नाही. शकुंतलेचं पहिलं गिऱ्हाईक कापूस होता, आणि तोच आधी ट्रकमध्ये बसला.

भूक लागली असेल. हॉटेलात तर्री-पोहे मागवा. तर्री लालभडक असते, डोळ्यांतून पाणी काढते, आणि कानांवरची उरलीसुरली थंडी घालवते. पाणी पितळेच्या लोट्यात येतं. एवढं खाऊन स्टँडवर चला.

स्टँडचा वास आधी येतो. डिझेल, शिळी फळं, फिनाइल, भजी. मग आवाज. एकाच वेळी चार कंडक्टर चार गावं ओरडताहेत आणि लाउडस्पीकरवर पाचवं. वर पत्र्याच्या पाट्या वाचा. पुसद. दिग्रस. उमरखेड. वणी. पांढरकवडा. घाटंजी. आर्णी. नेर. राळेगाव. बाभुळगाव. सकाळी आपण आलो त्या स्टेशनवरून गाडी एकाच दिशेला जाते. इथून जिल्हा दहा दिशांना सुटतो, आणि मोठी आगगाडी पकडायची असेल तर धामणगावची बसही इथूनच. रूळ नसलेल्या गावाचं नाव पाटीवर लिहायला फक्त रंग लागतो. नवा रस्ता झाला, त्यावर मुरूम पडला, की पुढच्या हंगामात तिथं बस.

ही गोष्ट फक्त यवतमाळची नाही. मुंबईनं 1964 मध्ये आपली शेवटची ट्राम बंद केली आणि रस्ता बसला दिला. तुम्ही या स्टँडवर उभे आहात त्याच काळात दूर ब्राझीलमध्ये, कुरितिबा नावाच्या वाढत्या शहरानं 1974 मध्ये बससाठी रस्त्याचा मधला पट्टा राखून ठेवला, बाकीच्या वाहनांना त्यावर मज्जाव केला, आणि बसकडून आगगाडीचं काम करून घेतलं. यवतमाळच्या स्टँडवर कुरितिबा कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. पण दारव्ह्याची बस लागल्याबरोबर जे होतं, ते बघितलं तर बसला स्वतःचा रस्ता का द्यावा ते पटेल.

बस लागली! धावा! दारातून शिरायचा विचार सोडा. खिडकीतून रुमाल टाका. टाकलात? ती सीट आता तुमची, आणि हा कायदा कुठल्याही पुस्तकात नसला तरी सगळे पाळतात. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, भाजीची जुडी. एका बापानं तर पोरगंच खिडकीतून आत सोडलं आणि ते दोन सीट अडवून, हात पसरून बसलंय. दारात चेंगराचेंगरी. कोपर बरगडीत, पिशवी पोटरीवर, कुणाची तरी चप्पल तुमच्या अंगठ्यावर.

आत जागा मिळाली, पण पुढे, इंजिनाच्या झाकणाला लागून. बसलात की कळेल. पोटऱ्या भाजतात. सकाळी शकुंतलेचा बाक गार होता, इथं पत्रा तापलाय. ड्रायव्हर खाकीत, मानेभोवती रुमाल, गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागतो तेव्हा त्याचा दंड तुमच्या खांद्याला घासतो. मागून कंडक्टर निघालाय. तिकिटांच्या पेटीवर पंचची टिकटिक, कातडी पिशवीत नाण्यांची खळखळ. "बोला पुढचे! बोला दारव्हा! सुटे द्या, सुटे!" दोन घंट्या, आणि बस निघते.

काय निघते! वारा एकदम अंगावर येतो. झाडं पळतात. तुमच्यातला कागदवाला माणूस खूश होतो. तोही याच बसमध्ये आहे, मागे दांड्याला धरून उभा. तारीख पुढची मिळाली. आता निदान अंधाराआधी घरी पोहोचेल. सकाळी अडीच-तीन तास लागले ते अंतर बस तास-दीड तासात टाकते. पण खड्डा आला की आख्खी बस एकदम उठते आणि एकदम बसते. तिसऱ्या खड्ड्याला एका पोराचा चेहरा पांढरा पडतो. "गाडी लागते त्याले," आई सांगते आणि अर्धं लिंबू त्याच्या नाकाशी धरते. उशीर झालाय. खिडकी! खिडकीकडे! मागच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मायबाईनं लेकीला सकाळी बसमध्ये का बसवलं नाही, ते तुमच्याही पोटाला आता मान्य आहे.

वाटेत एक हात वर होतो. ना थांबा, ना पाटी. बाभळीखाली एक म्हातारी आणि तिचं बोचकं. बस थांबते. म्हातारी चढते, कुणी तरी उठून जागा देतं. पुढे एक पोरगी उतरते, निळा स्कर्ट, दोन वेण्या, हातात पास. यवतमाळच्या शाळेत शिकते, रोज ये-जा करते. ती उतरली तिथून तिचं गाव पायवाटेनं हाकेच्या अंतरावर. रुळांपासून ते गाव किती तरी लांब. ही पोरगी शकुंतलेच्या भरवशावर शाळा शिकली असती का? मला नाही वाटत. सकाळची बस आली, संध्याकाळची आली, म्हणून ती दहावीपर्यंत जाणार आहे.

आणि मुक्कामी गाडी ठाऊक आहे ना? संध्याकाळची शेवटची बस गावातच झोपते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर नाहीतर बसच्याच सीटवर अंथरूण टाकतात, कुणाच्या तरी घरून त्यांना भाजी-भाकर येते, आणि पहाटे तीच बस दूध, भाजी, विद्यार्थी आणि दवाखान्यात जाणारे घेऊन तालुक्याला निघते. एसटीनं विदर्भातली गावं जिंकली ती अशी, दाराशी झोपून. रूळ हे करू शकत नाहीत. बसच्या बाजूनं बोलणारे आज हे सांगतात, आणि तेही खरंच सांगतात.

दारव्हा आलं. उतरा, कंबर सरळ करा. एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण आपण हिवाळ्यात आलो होतो. चिमूटभर वेळ ऑगस्टात जाऊ. काळ्या मातीचा चिखल पोटरीएवढा, नाल्यावरचा रपटा पाण्याखाली, आणि अलीकडच्या काठावर बस उभी. पाणी उतरेल तेव्हा जाईल. प्रवासी छत्र्या धरून पाण्याकडे बघताहेत. भरावावर टाकलेल्या रुळांचं मोल त्या काठावर कळतं.

परत या, आता सरळ वर्षं ओलांडत. 15 एप्रिल 1994 ला मँचेस्टरच्या त्या इंजिनाला निवृत्ती मिळते, सत्तर वर्षांच्या वर चालून. जागी डिझेल इंजिन येतं. गाडी त्यानं पळायला हवी होती; पळत नाही, कारण खालचे रूळ तेच जुने आहेत. मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा, किलिक निक्सननं उभी केलेली ती सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी. रेल्वे तो भाड्यानं चालवते. दुसऱ्याच्या घरावर कौलं कोण घालणार? स्लीपर कुजतात, वेगाची मर्यादा खाली येते, माणसं कमी होतात. पुढच्या काळात गाडीतली माणसंच फाटकाशी उतरून फाटक लावतात, गाडी पलीकडे नेतात, परत येऊन फाटक उघडतात आणि धावत गाडी गाठतात. त्यांनी ही गाडी जिवापाड सांभाळली. आणि मग एका वर्षी ती सुटायचीच बंद झाली.

इथं मला मनापासून जे म्हणायचं आहे ते म्हणतो. शकुंतला बसपुढे हरली, यावरून रूळ बसपुढे हरले असा निष्कर्ष काढणारे चुकतात. तिच्यावर खर्च झाला नाही, फेऱ्या वाढल्या नाहीत, तिच्या स्टेशनवर बस आणून लावावी असं कुणाला सुचलं नाही. दारव्ह्यात स्टँड एका जागी, स्टेशन दुसऱ्या जागी. मधलं अंतर डोक्यावर ओझं घेऊन चालायचं. बाळंतीण, म्हातारी आणि टोपलीवाली यांच्या हातून एक गाडी गेली आणि बदल्यात त्यांना दांड्याला धरून उभं राहायला मिळालं. यांची बाजू कुठल्याही आराखड्यात आली नाही याचा मला राग आहे. मुंबईतली किंवा कुठलीही लोकल काय करते? एक चुकली तर दुसरी मिळते. माणूस एवढंच मागतो. मग खाली रूळ असोत की डांबर.

आता यवतमाळ पुन्हा वाढतंय. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही कालची गावं आज शहरातच आहेत. माणसं तिथून दत्त चौकात, दवाखान्यात, कॉलेजात, एमआयडीसीत रोज जातात, बहुतेक स्वतःच्या दुचाकीवर, आणि संध्याकाळी दारव्हा रोडवर हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. इथं मेट्रोची स्वप्नं बघायची गरज नाही. एवढ्या शहराला दर दहा-पंधरा मिनिटांनी येणारी बस पुरते, तिला अडथळ्याविना जायला वाट मिळाली तर. पण दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या वाटेवर रूळ हवेत असं माझं ठाम मत आहे. कापसासाठी घातलेल्या या वाटेवर आज शिकणारी, उपचार घेणारी, कारंज्याला दत्ताच्या दर्शनाला जाणारी माणसं आहेत. रूळ रुंद करा, पण दिवसाला एक फेरी ठेवणार असाल तर ती पुन्हा हरेल.

दुसऱ्या बाजूनं मोठी गाडी येतेच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. तुम्हाला आता मोबाइल परत देतो. उद्या सकाळी यवतमाळच्या स्टँडवर जा आणि कळंबची एसटी धरा. रुमाल टाकावा लागला तर टाका. कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्या, मग स्टेशनवर कसं जायचं ते कुणाला तरी विचारा. बस जाते का, ऑटो किती घेतो, की चालतच जावं लागतं. आणि तिथं पोहोचलात की नव्या फलाटाचे फोटो काढण्याआधी वेळापत्रकाच्या फळ्यापुढे उभे राहा आणि दिवसात फेऱ्या किती ते मोजा.